रुपयाची दोन मोले

१८९३ सालच्या जून महिन्याच्या २६ तारखेस सिमल्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात एक लहानसा कायदा संमत झाला. त्या कायद्याने कोणाचा शेतसारा वाढला नाही, कोणाचे वतन खालसा झाले नाही, कोणत्या जिनसेवर नवी जकात बसली नाही. मुंबई आणि कलकत्ता येथील सरकारी टांकसाळींत आपली चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेण्याचा जो हक्क प्रजेस होता, तेवढा त्या दिवसापासून रद्द झाला. वरवर पाहणाऱ्यास हा एका सरकारी कारखान्याच्या कामकाजातला फेरफार वाटावा. परंतु माणसाच्या हातातील पैशाचे मोल कोणी ठरवावे, कोणत्या मापाने ठरवावे आणि ठरविणाऱ्यावर अंकुश कशाचा असावा, ह्या आधुनिक अर्थशास्त्राच्या मध्यवर्ती प्रश्नाला आपल्या देशात खरे तोंड फुटले ते ह्याच कायद्याने. आणि पुढील पन्नास वर्षांत आपल्या अर्थकारणात जे मोठे वाद माजले त्यांतील पुष्कळसे फिरून फिरून त्याच प्रश्नापाशी येऊन थांबले.

हा कायदा का करावा लागला हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. पेशवाई अस्तास गेली तेव्हा आपल्या मुलखात अंकुशी, चांदवडी, सुरती अशी नाना शिक्क्यांची नाणी चालत असत आणि एकाच्या बदली दुसरे घेताना सराफाच्या पेढीवर वटाव द्यावा लागे. कंपनी सरकारने १८३५ साली साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन आणि त्यातली शुद्ध चांदी १६५ ग्रेन. ह्या व्यवस्थेचे मर्म असे की, रुपया म्हणजे सरकारने शिक्का मारून वजनाची व कसाची हमी दिलेली चांदीच होती, तिच्याहून अधिक काही नव्हता. व्यापार वाढून नाण्याची चणचण भासू लागली की व्यापारी चांदी घेऊन टांकसाळीत जात आणि थोडी घडणावळ देऊन रुपये पाडून घेत. रुपये गरजेहून अधिक झाले की ते सोनाराच्या मुशीत जात आणि त्यांचे वाळे, गोठ, सरी होत. चलन किती असावे हे ठरविण्याचे काम कोणा अधिकाऱ्याकडे नव्हते. ते बाजार करीत होता.

ही घडी परदेशांत घडलेल्या गोष्टींनी विसकटली. फ्रान्सचा पराभव करून एक झालेल्या जर्मनीने १८७१ ते १८७३ ह्या काळात चांदी सोडून सोन्याचे नाणे स्वीकारले आणि आपली जुनी चांदी बाजारात ओतली. अमेरिकेने १८७३ च्या नाणेकायद्यातून चांदीचा डॉलर वगळला. फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड आदी राष्ट्रांनी प्रथम चांदीचे नाणे पाडण्यावर मर्यादा घातली आणि १८७८ साली ते अजिबात बंद केले. त्याच सुमारास अमेरिकेच्या नेवाडा प्रांतातील खाणींतून चांदीचा अपूर्व पुरवठा होऊ लागला. मागणी आटली आणि पुरवठा वाढला, तेव्हा चांदीचे सोन्यातील मोल घसरू लागले. आणि रुपया म्हणजे चांदीच असल्यामुळे तिच्याबरोबर रुपयाही घसरला. १८७१ च्या सुमारास दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगावर आला.

देश स्वतंत्र असता तर ही घसरण एवढी जाचक झाली नसती, किंबहुना तिचे काही फायदेही झाले असते. आणि तसे ते होतही होते. निर्यातीच्या मालाला रुपयांत चांगली किंमत येई, आणि मुंबईच्या गिरण्यांचे सूत चांदीच्याच नाण्यावर चालणाऱ्या चीनमध्ये बिनदिक्कत खपे. पण हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेत सोन्याच्या नाण्यात मोठी रक्कम भरावी लागत असे. कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांना दिलेली हमी, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्करी सामान आणि इंडिया ऑफिसचा खर्च मिळून होणाऱ्या ह्या देण्यास ‘होम चार्जेस’ म्हणत. भारतमंत्री लंडनमध्ये दर आठवड्यास कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील सरकारी खजिन्यांवरच्या हुंड्या विकीत. त्यांस ‘कौन्सिल बिले’ असे नाव होते. हिंदुस्थानचा माल विकत घेणारे व्यापारी पौंड देऊन त्या हुंड्या घेत, आणि येथे रयतेकडून वसूल झालेल्या रुपयांतून त्यांचे पैसे चुकते होत. १८९२-९३ साली अशा रीतीने सुमारे १ कोटी ६५ लक्ष पौंड पाठवावे लागले आणि त्यासाठी साडेसव्वीस कोटी रुपये लागले. १८७३-७४ च्या दराने हीच रक्कम पावणेअठरा कोटींत भागली असती. देणे तेच, परंतु रुपयाच्या घसरणीमुळे पावणेनऊ कोटींचा अधिक भार खजिन्यावर आला. आणि खजिना भरणारा कोण, हे सांगावयास नकोच.

ह्या संकटावर उपाय सुचविण्यासाठी लॉर्ड हर्शेल ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने टांकसाळी बंद करण्याची शिफारस केली. त्यामागील तर्क साधा होता: रुपयांचा पुरवठा रोखला, तर व्यापाराच्या वाढत्या गरजेमुळे रुपया दुर्मिळ होईल आणि त्याचे मोल त्यातील चांदीच्या मोलाहून वर चढेल. ठरविलेले लक्ष्य होते १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे सोळा पेन्स किंवा पौंडाला १५ रुपये. प्रथम रुपया आणखीच घसरला, परंतु पाच वर्षांत, दुष्काळ आणि प्लेग ह्यांनी गांजलेल्या देशात पैशाची तीव्र टंचाई होऊन, तो त्या लक्ष्यावर येऊन पोहोचला.

ह्या यशाची किंमत कोणी दिली ते तत्कालीन हिंदी विचारवंतांनी अचूक ओळखले होते. शेतकऱ्याची आणि मजुराची शिल्लक कोणत्या बँकेत नव्हती. ती त्याच्या बायकोच्या अंगावरील चांदीच्या दागिन्यांत होती. टांकसाळ उघडी असताना तोळाभर चांदीचा जवळजवळ तोळाभर रुपया होत असे. आता रुपया महाग झाला आणि चांदी मात्र स्वस्तच राहिली, तेव्हा दुष्काळात दागिना घेऊन सराफाकडे गेलेल्या कुणब्याच्या पदरी पूर्वीहून पुष्कळ कमी रुपये पडू लागले. सारा तोच, सावकाराचा दस्तऐवज तोच, पण ज्या रुपयांत ते देणे फेडावयाचे तो रुपया मिळविण्यास अधिक धान्य आणि अधिक चांदी लागू लागली. दादाभाई नौरोजींनी १८९८ च्या चलनसमितीपुढे निवेदने सादर करून, कायद्याचे कलम न बदलता रयतेवर लादलेला हा छुपा कर आहे असे प्रतिपादन केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळातील आपल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणात, सरकार ज्या शिलकीचा अभिमान मिरविते ती प्रजेच्या भरभराटीची खूण नसून रुपयाचे मोल कृत्रिम रीतीने चढविल्याचे फळ आहे, हे आकड्यांनिशी दाखवून दिले. पैसा हा केवळ देवघेवीवरचा पडदा असून त्यामागील खऱ्या व्यवहारांवर त्याचा परिणाम होत नाही, असे मानणाऱ्या पंडितांना ह्या दोघांनी दिलेले हे उत्तर होते.

टांकसाळी बंद झाल्यावर पुढचे पाऊल काय, ह्याचा विचार १८९८ साली सर हेन्री फौलर ह्यांच्या समितीने केला. तिची शिफारस नि:संदिग्ध होती: हिंदुस्थानात सोन्याचे नाणे चालावे, ते पाडण्यासाठी येथेच टांकसाळ असावी आणि रुपया हे दुय्यम नाणे व्हावे. सॉव्हरिन हे इंग्लंडचे सोन्याचे नाणे १५ रुपयांस कायदेशीर चलन ठरले, मुंबईस सोन्याची टांकसाळ काढण्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या, आणि विलायतेच्या खजिना खात्याने काढलेल्या हरकतींत त्या बारगळल्या. मग समितीने न सुचविलेलीच एक पद्धती हळूहळू आकारास आली. जेमतेम नऊ-दहा पेन्सांची चांदी घालून पाडलेला रुपया सोळा पेन्सांस चाले. त्या नफ्याचा एक राखीव निधी लंडनमध्ये ठेवला गेला. रुपयाचा दर चढू लागला की भारतमंत्र्यांनी लंडनमध्ये कौन्सिल बिले विकावी, आणि उतरू लागला की कलकत्त्यास लंडनवरील उलट हुंड्या विकून त्यास सावरावे, अशी रीत पडली. देशात सोन्याचे नाणे फिरत नाही, तरी परदेशी व्यवहारापुरता रुपया सोन्याशी बांधलेला आहे, अशा ह्या व्यवस्थेस ‘सुवर्ण-विनिमय परिमाण’ हे नाव मिळाले. १९०७-०८ साली अमेरिकेतील आर्थिक हाहाकार आणि येथील अवर्षण ह्यांचा एकाच वेळी आघात झाला, तेव्हा सुमारे ८० लक्ष पौंडांच्या उलट हुंड्या विकून हा दर टिकविण्यात आला आणि पद्धतीची शाबासकी झाली.

तिला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका तरुण इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने. जॉन मेनार्ड केन्स ह्यांनी केंब्रिजला परतण्यापूर्वी दोन वर्षे इंडिया ऑफिसात नोकरी केली होती. हिंदुस्थानात ते कधी आले नाहीत, परंतु येथील चलनाचे दप्तर त्यांनी बारकाईने वाचले होते. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी चलनावरील आपल्या पहिल्या ग्रंथात त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, सोने लोकांच्या खिशांत विखरून पडण्यापेक्षा राखीव निधीत एकवटलेले बरे. देशांतर्गत व्यवहारास स्वस्त नाणे आणि नोटा पुरेत. आणि हिंदुस्थानची ही पद्धती मागासलेली नसून उद्याच्या जगाच्या पद्धतीची पूर्वखूण आहे. त्याच वर्षी ऑस्टिन चेंबरलेन ह्यांच्या शाही आयोगावर त्यांची नेमणूक झाली. १९१४ च्या आरंभी आलेल्या त्या आयोगाच्या अहवालाने विनिमय परिमाणावर पसंतीची मोहर उमटविली, आणि केन्स ह्यांनी तयार केलेला हिंदुस्थानच्या सरकारी मध्यवर्ती बँकेचा आराखडा त्यास परिशिष्ट म्हणून जोडला गेला.

सहाच महिन्यांत महायुद्ध पेटले. हिंदुस्थानच्या मालास आणि माणसांस मागणी आली, त्यासाठी रुपये हवे झाले, रुपयांसाठी चांदी हवी झाली, आणि चांदी जगभर महागली. औंसाला ४३ पेन्सांच्या वर चांदी गेली की सोळा पेन्सांच्या रुपयात सोळा पेन्सांहून अधिक मोलाची चांदी भरते, म्हणजे रुपया चालविण्यापेक्षा वितळविणे किफायतीचे होते. ती रेषा १९१७ च्या ऑगस्टात ओलांडली गेली. सरकारने एक रुपयाची आणि पाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढली, दुअन्नी, चवली व अधेली निकेलची केली, आणि तरीही नोटांचे रुपये मागणाऱ्यांची रीघ आवरेना, तेव्हा १९१८ साली अमेरिकेच्या सरकारी साठ्यातून २० कोटी औंस चांदी आणून वेळ मारून नेली. रुपयाचा दर मात्र चांदीच्या मागोमाग चढत गेला. १९१९ च्या अखेरीस तो २ शिलिंग ४ पेन्सांवर पोहोचला.

त्या क्षणिक तेजीस कायमचे समजून बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपयाचा दर सोन्याचे दोन शिलिंग ठरवावा असे सुचविले. समितीवरील एकमेव हिंदी सभासद, मुंबईचे दादीबा मेरवानजी दलाल, ह्यांनी भिन्नमतपत्रिका जोडून जुना सोळा पेन्सांचा दरच योग्य असल्याचे बजावले; ते कोणी ऐकले नाही. १९२० मध्ये व्यापाराचे वारे फिरले, रुपया कोसळू लागला, आणि तो दोन शिलिंगांवर धरून ठेवण्यासाठी सरकारने काही महिन्यांत साडेपाच कोटी पौंडांच्या उलट हुंड्या विकल्या. हातचा निधी गेला आणि दरही राहिला नाही. दोन शिलिंगांच्या भरवशावर विलायती कापडाच्या मागण्या नोंदविलेले व्यापारी, माल बंदरात येईपर्यंत रुपया सव्वा शिलिंगावर आल्यामुळे बुडीत निघाले. तज्ज्ञांच्या समितीने दिलेला आणि सरकारने कायद्यात नोंदविलेला दर बाजाराने वर्षभरही मानला नाही; ज्या पद्धतीची युद्धापूर्वी जगास उदाहरण म्हणून तारीफ झाली होती ती व्यवस्थापकांच्या एका चुकीच्या अंदाजाने उलथून पडली.

नेमक्या ह्याच वर्षी, १९२० च्या जुलै महिन्यात, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील अर्थशास्त्राची प्राध्यापकी सोडून भीमराव रामजी आंबेडकर हे आपला खंडित झालेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन ह्यांच्या हाताखाली त्यांनी हिंदुस्थानच्या राजस्वाचा अभ्यास केलाच होता. आता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्‌सी. पदवीसाठी त्यांनी विषय निवडला तो रुपयाचा. १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग ह्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. प्राध्यापक एडविन कॅनन ह्यांनी त्यास प्रस्तावना लिहिली आणि तीत लेखकाशी असलेले आपले मतभेद नमूद करूनही त्याच्या विवेचनातील टवटवीची मोकळ्या मनाने वाखाणणी केली. डॉ. आंबेडकरांच्या सामाजिक कार्याचे तेज एवढे प्रखर आहे की त्यांच्या ह्या ग्रंथाकडे आपले, मराठी वाचकांचे, दुर्लक्ष झाले आहे. आणि हे दुर्लक्ष आपल्या अर्थविचाराच्या इतिहासास पांगळे करणारे आहे.

त्या ग्रंथातील युक्तिवादाचा गाभा असा आहे. रुपयाला दोन मोले असतात: एक परदेशी चलनातले, ज्यास विनिमयदर म्हणतात, आणि दुसरे देशातील वस्तूंतले, ज्यास क्रयशक्ती म्हणतात. १८९३ पासूनच्या साऱ्या समित्या, सारे आयोग आणि साऱ्या उलट हुंड्या पहिल्या मोलाच्या मागे लागल्या. पण ज्या कोट्यवधी लोकांना आयुष्यात कधी पौंडाचे दर्शन होत नाही, त्यांच्या संसाराचा संबंध दुसऱ्या मोलाशी आहे. विनिमयदर हा क्रयशक्तीचा परिणाम असतो. देशातील किमती सावरल्यावाचून केवळ दर बांधून ठेवणे म्हणजे कारण सोडून कार्याशी झुंजणे होय. शिवाय विनिमय परिमाणात चलनाच्या वाढीस नैसर्गिक मर्यादाच नाही. पूर्वी रुपया पाडावयाचा तर तेवढ्या मोलाची चांदी आणावी लागे. आता नऊ पेन्सांच्या चांदीतून सोळा पेन्सांचा रुपया निघतो, प्रत्येक रुपयागणिक नफा होतो, आणि तो पाडण्याचा अधिकार ज्याच्या हाती तोच किती पाडावयाचे हे ठरवितो. मनुष्य कितीही सज्जन असला तरी असा अमर्याद अधिकार त्याच्या विवेकावर सोपविणे धोक्याचे आहे. म्हणून आंबेडकरांनी सुचविलेला उपाय कठोर होता: टांकसाळ प्रजेस बंद आहे, तशी ती सरकारासही बंद करावी, रुपयांची संख्या कायम ठरवून टाकावी, आणि पुढील वाढीसाठी सोन्याचे नाणे मोकळे करावे.

हा विचार निव्वळ पुस्तकी नव्हता. १९०८ साली वाढत्या महागाईची चौकशी व्हावी अशी मागणी करताना गोखल्यांनीही रुपयांच्या भरमसाट टंकनाकडे बोट दाखविले होते. आंबेडकरांनी त्या शंकेस पद्धतशीर सिद्धान्ताचे रूप दिले, आणि तिला एक नैतिक धार आणली. महागाईने मालकाचा नफा आज वाढतो आणि मजुराची मजुरी उद्या वाढते. ह्या आज-उद्याच्या अंतरात मजुराच्या तोंडचा घास मालकाच्या ताटात जातो. तेव्हा घसरत्या रुपयाने उद्योगास होणारा फायदा हा पुष्कळदा राष्ट्राचा फायदा नसून राष्ट्रातील एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला असतो, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. चलनाच्या प्रश्नात वर्गावर्गांच्या हिताचा हा हिशेब त्यांच्याइतक्या नेटाने मांडणारा दुसरा हिंदी लेखक त्या काळात सापडणे कठीण आहे.

इतिहासातील एक लक्षणीय योग असा की, त्याच १९२३ साली केन्स ह्यांनी चलनसुधारणेवरील आपला निबंधग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात तेही ह्या निष्कर्षास येऊन पोहोचले की, विनिमयदर स्थिर ठेवणे आणि देशातील किमती स्थिर ठेवणे ह्यांत विरोध येईल तेव्हा किमतींच्या स्थैर्यास अग्रमान द्यावा. दहा वर्षांपूर्वी ज्या पद्धतीचे त्यांनी मंडन केले होते आणि जिचे आंबेडकरांनी खंडन केले होते, तिच्या अनुरोधाने निघालेले हे दोन विद्वान साध्याच्या बाबतीत एकमेकांच्या निकट आले. साधनांच्या बाबतीत मात्र ते दोन टोकांस राहिले. केन्स ह्यांचा विश्वास ज्ञानी व्यवस्थापकावर होता. शहाणी मध्यवर्ती बँक व्याजाचा दर आणि पतपुरवठा कमीजास्त करून किमती सावरू शकेल असे त्यांचे मत होते. आंबेडकरांचा भर नियमावर होता. व्यवस्थापक कोणाला जबाबदार आहे हे पाहिल्यावाचून त्याच्या शहाणपणावर विसंबण्यास ते तयार नव्हते. पारतंत्र्यात जन्मलेल्या आणि सत्तेचा मनमानी उपयोग जवळून पाहिलेल्या माणसाचा हा अविश्वास होता. त्यात तथ्य नव्हते असे कोण म्हणेल? नियम की विवेक, हा वाद आजही जगातील मध्यवर्ती बँकांच्या धोरणाचा मूळ वाद आहे.

१९२५ साली हिल्टन यंग ह्यांच्या अध्यक्षतेखाली नवा शाही आयोग आला. त्याच्या पुढे डॉ. आंबेडकरांनी लेखी निवेदन दिले आणि १५ डिसेंबर १९२५ रोजी तोंडी साक्षही दिली. १९२६ च्या अहवालाने विनिमय परिमाण टाकून देऊन सोन्याच्या लगडींवर आधारलेले परिमाण सुचविले, रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरविला आणि ‘रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’ ह्या नावाची मध्यवर्ती बँक स्थापावी असे म्हटले. ह्या बँकेची कल्पना आंबेडकरांच्या ग्रंथातून उचलली गेली असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु त्या ग्रंथाचा विषय मध्यवर्ती बँक हा नव्हे, आणि त्याचे खरे मोठेपण सिद्ध करण्यास ह्या श्रेयाची आवश्यकताही नाही. चलन सोडणाऱ्या सत्तेस मर्यादा असली पाहिजे, हा जो विचार त्याने मांडला तोच पुरेसा थोर आहे.

देशातील वाद मात्र ह्या मूलतत्त्वाऐवजी दोन पेन्सांभोवती पेटला. आयोगाचे सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास ह्यांनी सोळा पेन्सांच्या बाजूने भिन्नमतपत्रिका लिहिली; मुंबईत करन्सी लीग स्थापन झाली; गिरणीमालक, कापसाचे व्यापारी आणि राष्ट्रीय पक्षाचे पुढारी सोळा पेन्सांचे, आणि सरकार अठरा पेन्सांचे, असे तट पडले. मार्च १९२७ मध्ये मध्यवर्ती असेंब्लीत अगदी थोड्या मतांच्या फरकाने सरकारची सरशी झाली आणि अठरा पेन्सांचा दर कायद्यात आला. चारच वर्षांत, २१ सप्टेंबर १९३१ रोजी, खुद्द इंग्लंडने सोन्याचे परिमाण सोडले आणि हिंदी नेत्यांचा विरोध डावलून रुपया त्याच दराने स्टर्लिंगला बांधण्यात आला. जागतिक मंदीने शेतमालाच्या किमती निम्म्याच्या आसपास आल्या होत्या. सारा आणि सावकार मात्र पूर्वीच्याच आकड्याने मागत होते. सोन्याचा भाव चढताच घरोघरचे दागिने बाजारात आले आणि मुंबई बंदरातून सोन्याचा ओघ विलायतेस वाहू लागला. सरकारने त्यास किफायतीचा सौदा म्हटले. ज्यांच्या घरातून ते सोने गेले त्यांच्या दृष्टीने ती पिढ्यांची पुंजी होती.

अखेर १९३४ साली रिझर्व्ह बँकेचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँकेचे काम सुरू झाले. सर ऑस्बर्न स्मिथ हे तिचे पहिले गव्हर्नर. नोटा काढणे, राखीव निधी सांभाळणे, इतर बँकांची बँक होणे आणि सरकारचा खजिना चालविणे ही कामे एका छताखाली आली. पण ठराविक दराने स्टर्लिंग घेण्याचे व देण्याचे बंधन कायद्यानेच तिच्यावर घातले होते. रुपयाच्या बाहेरच्या मोलाचे रक्षण तिला नेमून दिलेले कर्तव्य होते. आतल्या मोलाविषयी तसे बंधन कोठेच नव्हते.

ह्या उणिवेचे भयंकर प्रत्यंतर दुसऱ्या महायुद्धात आले. ब्रिटनने आपल्या सैन्यासाठी हिंदुस्थानात अमाप खरेदी केली आणि तिचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर जमा केले. कायद्याप्रमाणे ते स्टर्लिंग तारण धरून बँक येथे नोटा काढीत गेली. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या असलेल्या नोटा युद्ध संपेपर्यंत अकराशे कोटींच्या वर गेल्या. धान्य, कापड आणि रॉकेल ज्या प्रमाणात सैन्याकडे वळले त्या प्रमाणात ते प्रजेला कमी पडले. किमती दुपटीहून अधिक झाल्या. लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे शंभर कोटी पौंडांहून अधिक येणे साठले, आणि १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नाविना मेली. त्या दुष्काळास कारणे अनेक होती. परंतु ज्यांच्या मजुरीचा रुपया महागाईने गिळला तेच भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर त्यात प्रथम बळी पडले, ही गोष्ट निर्विवाद आहे. ह्या सर्व काळात रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्सांवर अचल होता. १९२३ साली आंबेडकरांनी जे तर्काने सांगितले होते ते वीस वर्षांनी इतिहासाने प्रत्यक्ष करून दाखविले: बाहेरचे मोल शाबूत ठेवूनही आतले मोल धुळीस मिळू शकते.

रायगडाच्या परिसरातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेत, जेथे केन्स ब्रिटनचे प्रतिनिधित्व करीत होते, हिंदी प्रतिनिधींनी ह्या स्टर्लिंग येण्याचा प्रश्न मांडला; आणि १ जानेवारी १९४९ रोजी बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. तथापि किमतींचे स्थैर्य हे चलनधोरणाचे प्रधान उद्दिष्ट म्हणून कायद्यात लिहिले जाण्यास २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने व्याजाचा दर ठरविण्यासाठी सहा सभासदांची समिती स्थापन झाली; विकासाचे भान ठेवून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ टक्के इकडे-तिकडे, राखण्याचे लक्ष्य ठरले; आणि सलग तीन तिमाही ते चुकले तर कारणांसह लेखी खुलासा सरकारला देण्याचे बंधन बँकेवर आले. व्यवस्थापक राहिला, पण नियमाने बांधला गेला. केन्स आणि आंबेडकर ह्यांच्या मधला असा हा मार्ग आहे.

ह्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून निघणारा निर्णय माझ्या मते निश्चित आहे. चलन सोडण्याची सत्ता कोणाच्या तरी हाती असणारच. ती टांकसाळीच्या कुलपातून चालो वा बँकेच्या व्याजदरातून, तिचा परिणाम सर्वांत आधी आणि सर्वांत जड भोगतो तो ज्याच्यापाशी नगद मजुरीखेरीज काही नाही असा माणूस. म्हणून त्या सत्तेचा जाब विचारण्याचा अधिकारही त्याचाच आहे. २०२२ साली हे लक्ष्य चुकल्याबद्दलचा खुलासा बँकेस प्रथमच सरकारला द्यावा लागला. असा खुलासा ह्यापुढे जेव्हा जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा तो सरकारच्या दप्तरात न राहता त्याच दिवशी जनतेपुढे, तिच्या भाषेत, ठेवला गेला पाहिजे. आणि वृत्तपत्रात डॉलरचा भाव रोज पाहणाऱ्या वाचकांनी तो तितक्याच आस्थेने मागितला पाहिजे.